मार्क्सच्या गावची द्राक्षं

लक्झेंबर्गला ताईकडे आठ दिवस होतो आणि पाचव्या दिवशीच बघायचं संपलं. देश केवढासा, किल्ला झाला, दरी झाली, आणि २०२० पासून अख्ख्या देशात ट्राम-बस-ट्रेन सगळं फुकट आहे म्हणून उगाच इकडून तिकडे फिरूनही झालं, तेव्हा दाजी म्हणाले चल तुला मार्क्सच्या गावाला, ट्रियरला नेतो, तासाभरावर आहे, नाहीतरी तू आल्यापासून फोनवर आप्पांशी राजकारणच करतोयस. ताईला ऑफिस होतं, तिने थालीपीठं बांधून दिली आणि आम्ही दोघं निघालो.

फुकटेपणा वासरबिलिगपर्यंतच. ते लक्झेंबर्गचं शेवटचं स्टेशन, तिथून पुढे जर्मनी, म्हणजे तिकीट. दाजींनी आधीच काढलं होतं. तिथून गाडी मोझेल नदीच्या कडेकडेने जाते आणि मी खिडकीला नाक लावून बसलो, कारण समोरच्या डोंगरांवर वरपासून खालपर्यंत द्राक्षबागा. आता आमचं घर पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं, साडेतीन एकर थॉमसन द्राक्षं, लहानपणापासून सुट्टी म्हणजे विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, त्यामुळे जगात कुठेही बाग दिसली की मी आधी तारा बघतो, मग ओळीतलं अंतर बघतो आणि मग सीनरी. इथे तर मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, काही जुन्या बागांत ताराच नाहीत, प्रत्येक वेलाला एकच खांब आणि काड्या दोन्हीकडून वाकवून बांधलेल्या, बदामाच्या आकारात. आणि चढ असा की आमच्याकडे तिथे बकरी चढवताना पण विचार केला असता.

एक सांगून ठेवतो, मार्क्स हा आमच्या घरातला नावडता विषय. आप्पा जुने शेतकरी संघटनेवाले, शर्टाला बिल्ला लावून फिरायचे, कांद्याच्या आंदोलनाचे किस्से अजून सांगतात. त्यांचं ठाम मत की मार्क्सला कामगार कळला पण शेतकरी नाही कळला, कारखान्याला स्वस्त कच्चा माल कुठून येतो हे त्याने धड बघितलंच नाही. हे संघटनेच्या शरद जोशींचं म्हणणं, आप्पांनी ते इतक्या वेळा ऐकवलंय की मला पाठ आहे. म्हणून मी पण जरा त्याच चष्म्यातून बघायला चाललो होतो, उगाच कशाला खोटं बोला.

ट्रियरमध्ये उतरलं की दहा मिनिटांत पोर्टा निग्रा. रोमन लोकांची वेस, दुसऱ्या शतकातली, काळीठिक्कर. फोटो काढले. रोमन भाग मी इथेच सोडतो, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

वेशीच्या मागेच मार्क्सचा पुतळा आहे, २०१८ ला दोनशेव्या जयंतीला चीनने भेट दिलेला, चौथऱ्यासकट साडेपाच मीटर. हातात पुस्तक, कोट उघडा, चालत निघालेला. गावात तेव्हा यावरून चांगलाच वाद झाला होता, चीनकडून घ्यायचा का, एवढा मोठा कशाला वगैरे. आता मात्र गावाने माणसाचा पुरेपूर धंदा केलाय, एका चौकात पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलमध्ये हिरवा मार्क्स चालतो आणि लाल मार्क्स हात पसरून थांबवतो, आणि शून्य युरोची नोट मिळते, त्यावर मार्क्सचा फोटो, किंमत तीन युरो. दाजींनी एक घेतली. भांडवलावर एवढं लिहिलेल्या माणसाच्या नावाची शून्याची नोट तीनला विकणं हे ज्याला सुचलं त्याला मानलं.

आता घरं दोन आहेत आणि इथे बरेच लोक गंडतात. जन्म झाला ते घर ब्रुकेनस्ट्रासवर, ५ मे १८१८, पण ते भाड्याचं होतं आणि कार्ल वर्ष-दीड वर्षाचा असतानाच कुटुंब तिथून हललं. मग वडिलांनी वेशीजवळ झिमेऑनस्ट्रासवर घर घेतलं, तिथे तो सतरा वर्षांचा होईपर्यंत वाढला. पण म्युझियम पहिल्या घरात आहे. जिथे तो खरा वाढला त्या घराला फक्त एक पाटी आणि खाली एक युरोवालं दुकान, आपल्याकडे ‘हर माल’वालं असतं तसंच. मी तिथून आप्पांसाठी नखं कापायचं मशीन घेतलं.

म्युझियमचं घर १९२८ ला सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने विकत घेतलं, १९३३ ला नाझींनी बळकावलं आणि तिथेच आपल्या पेपरचा छापखाना टाकला, मग १९४७ ला परत म्युझियम झालं. आत चिनी पर्यटक भरपूर, एक आजोबा तर प्रत्येक काचेपुढे अगदी ताठ उभे राहून फोटो काढून घेत होते. मार्क्सची वाचायची खुर्ची ठेवलीये, हातांपाशी झिजलेली. बाकी सगळा मजकूर, पडदे, आलेख. ‘तीन उगम’ हे आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, जर्मन तत्त्वज्ञान, इंग्रजी अर्थशास्त्र, फ्रेंच समाजवाद, लेनिनने १९१३ ला अशी मांडणी केली आणि तेव्हापासून अभ्यासवर्गात ती पाढ्यासारखी म्हणतात. हेगेल अधिक रिकार्डो अधिक फ्रेंच मंडळी बरोबर मार्क्स. मला हे कायम मिसळीच्या रेसिपीसारखं वाटत आलंय. कुठली तर्री कधी पडली आणि का पडली ते त्यात कळत नाही.

गावात फिरलं की ते थोडं कळतं. हा मुलूख १७९४ पासून वीस वर्षं फ्रेंचांकडे होता, नेपोलियनचा कायदा, ज्यूंना बरोबरीचा हक्क, आणि १८१५ ला प्रशिया हे जर्मन राज्य आलं तसा हक्क गेला. मार्क्सचे वडील हाइनरिश वकील, घराणं रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, पण ज्यू राहून वकिली करता येईना म्हणून ते प्रोटेस्टंट झाले. म्हणजे सरकार बदललं की माणसाचा धर्मसुद्धा पोटासाठी बदलतो, हे त्या घरात कुणी पुस्तकातून शिकवायची गरजच नव्हती. शेजारपाजारात लुडविग फॉन वेस्टफालेन नावाचे सरकारी अधिकारी, ते या पोराला फिरायला घेऊन जायचे, होमर आणि शेक्सपियर ऐकवायचे आणि सेंट-सायमन या फ्रेंच विचारवंताच्या समाजवादाबद्दल सांगायचे. पुढे त्यांचीच मुलगी जेनी मार्क्सची बायको. १८४१ चा डॉक्टरेटचा प्रबंध त्याने या होणाऱ्या सासऱ्यालाच अर्पण केलाय, विषय काय तर डेमोक्रिटस आणि एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञांच्या निसर्गविचारातला फरक. कामगाराचं नाव नाही त्यात.

आणि मग लुडविग गाल. हा माणूस मला माहीतच नव्हता आणि आता डोक्यातून जात नाहीये. ट्रियरमधला सरकारी नोकर, जर्मनीतल्या अगदी सुरुवातीच्या समाजवाद्यांपैकी एक. गरिबांना घेऊन अमेरिकेत वसाहत करायला १८१९ ला गेला, फसला, परत आला, आणि १८२५ ला इथेच एक पुस्तिका छापली, शीर्षकाचा अर्थ साधारण ‘कशाने फरक पडेल?’. त्याचं म्हणणं की संपत्ती श्रमातून येते तरी श्रम करणाराच उपाशी, आणि पुढे त्याने हेही लिहिलं की पैसेवाल्यांचं आणि कष्टकऱ्यांचं हित एकमेकांच्या उलट आहे. पुस्तिका आली तेव्हा मार्क्स सात वर्षांचा! पण जर्मनीत गालचं नाव राहिलं ते यासाठी नाही, तर वाईनसाठी. थंड वर्षात मोझेलची द्राक्षं आंबट राहायची, त्या रसात साखरपाणी मोजून घालायची पद्धत याने काढली, तिला ‘गालिझीरन’ म्हणतात. म्हणजे एकाच डोक्यात वर्गाचा हिशोबही आणि ब्रिक्सचाही, म्हणजे रसातल्या साखरेचा. आमच्याकडे असा माणूस द्राक्ष बागायतदार संघात हमखास निघाला असता.

दुपारी थालीपीठं खायला नदीकडे गेलो आणि दाजी घोरायला लागले, बाकावरच. मी मोबाईलवर मार्क्सचे १८४२ चे लेख उघडून बसलो, लाकूडचोरीवाले. नाव ऐकून होतो, वाचले पहिल्यांदा.

मामला असा. ऱ्हाइनच्या बाजूला जंगलात पडलेलं लाकूड गोळा करायचा गरिबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. हळूहळू जंगलं मालकीची झाली, लाकडाला भाव आला, आणि प्रांताच्या सभेत, जिथे मालकच बसलेले, ठराव आला की पडलेली काटकी उचलणं पण चोरीच धरायची. ही काही किरकोळ गोष्ट नव्हती, प्रशियात १८३६ ला दोन लाखांवर फौजदारी खटले झाले त्यातले दीड लाखाच्या आसपास लाकूड आणि जंगलाच्या गुन्ह्यांचे. मार्क्स तेव्हा चोवीस वर्षांचा, कोलोनच्या ‘राइनिशे त्साइटुंग’ या पेपरचा नुकताच संपादक झालेला. तो लिहितो की पडलेल्या काटकीचा झाडाशी तेवढाच संबंध जेवढा कातेचा सापाशी. कात उचलली म्हणून साप चोरला होतो का? मग म्हणतो, किती लाकूड गेलं त्याची किंमत ठरवणार कोण, तर मालकाच्याच पगारावरचा राखणदार, आणि दंड जाणार कुणाला, तर मालकालाच. चोरी झाली तर मालकाला फायदा! आणि सभेत कुणीतरी सांगतो की आमच्या भागात रानातल्या बेरीसुद्धा आता पोरांना तोडू देत नाहीत, कारण त्या पिंपं भरभरून हॉलंडला जातात. करवंदाच्या जाळीला कुंपण घालून बोर्ड लावल्यासारखं.

मी ते वाचताना हसत होतो आणि मग थांबलो, कारण मला मार्च २०१८ आठवला. नाशिकहून मुंबईला निघालेला तो लाँग मार्च, किसान सभेचा, सुरगाणा-पेठ-दिंडोरीची आदिवासी माणसं, १८० किलोमीटर पायी. मी तेव्हा नाशिकला नोकरीला होतो आणि ऑफिसच्या गच्चीवरून तो लाल टोप्यांचा प्रवाह बघितला होता. आम्हा बागायतदारांच्या पोरांना वाटलं कर्जमाफीचा मोर्चा आहे. कर्जमाफी होतीच, पण त्या लोकांची मुख्य मागणी वनजमिनीची होती, कसतोय ती जमीन नावावर करा. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आणि कागद यांचंच भांडण. मार्चमध्ये हे आणि मेमध्ये इथे पुतळ्याचं उद्घाटन.

गंमत म्हणजे याच मार्क्सने लाकडावर लिहायच्या जेमतेम आठ-दहा दिवस आधी त्याच पेपरात लिहिलं होतं की कम्युनिस्ट कल्पना सध्याच्या रूपात आम्हाला वैचारिक पातळीवरसुद्धा मान्य नाहीत. तेव्हा तो हेगेलवाला होता, राज्य म्हणजे विवेकाचं रूप वगैरे. आणि लाकडाच्या कायद्यात त्याला दिसलं की हे विवेकाचं राज्य मालकाच्या वखारीचं कारकून झालंय. फ्रेंच समाजवादी प्रुधोंचं ‘मालमत्ता म्हणजे चोरी’ दोनच वर्षांपूर्वी आलेलं, त्याचा वास या लेखांना येतो, मालमत्तेला धक्का लावणं म्हणजे सरसकट चोरी असेल तर मग सगळी खाजगी मालमत्ताच चोरी होणार नाही का, असा उलटा प्रश्न त्याने टाकलाय. पण अर्थशास्त्र त्याला येत नव्हतं, आणि हे त्याने पुढे १८५९ ला स्वतःच लिहून ठेवलं, की संपादक असताना लाकूडचोरी आणि मोझेलच्या शेतकऱ्यांची हालत या विषयांनी मला पहिल्यांदा पैशापाण्याच्या प्रश्नांवर बोलायच्या पेचात टाकलं. मार्क्सचा जोडीदार एंगल्स, त्यानेही म्हातारपणी तेच सांगितलंय, मार्क्स नुसत्या राजकारणाकडून अर्थकारणाकडे आणि तिथून समाजवादाकडे वळला तो यातूनच.

मोझेलचे शेतकरी म्हणजे कोण? द्राक्षवाले! मी दाजींना उठवलं. म्हटलं चला, बागेत जायचं.

पेट्रिसबर्ग नावाची टेकडी गावाला लागूनच आहे, तिथून बागांमधून एक पायवाट ओलेविग नावाच्या वस्तीत उतरते. सप्टेंबर होता, रिसलिंग जातीचे घड भरलेले पण काढणीला अजून वेळ. पायाखाली सगळी पाटी, म्हणजे शब्दशः आपली शाळेतली पाटी, तो काळा पापुद्र्यांचा दगड. दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलाला ऊब देतो, माती म्हणाल तर मूठभर. पाय घसरतो. दाजींचे बूट ऑफिसचे, त्यांनी मला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या असणार.

आता १८४३ ची गोष्ट सांगतो, नाशिककराला ती लगेच कळेल. १८१८ ला प्रशियाने बाहेरच्या वाईनवर जकात लावली. प्रशियात वाईनचा मुलूख जवळपास एवढाच, त्यामुळे मोझेलवाल्यांची चांदी झाली, लोकांनी कर्ज काढून चढावर नव्या बागा लावल्या. मग १८२८ पासून सरकार एकेका जर्मन राज्याशी जकातीचे करार करत गेलं आणि १८३४ ला ‘त्सोलफेराइन’ म्हणजे सगळ्यांची मिळून एक जकात. दक्षिणेकडची स्वस्त वाईन आत आली आणि भाव बसले. वर कर तेवढेच, आणि वेलाला लागणारे खांब ज्या गावच्या रानातून यायचे तिथेही सरकारचा हात. पेपरात बातमी आली की शेतकरी मेटाकुटीला आलाय, तर प्रांताच्या बड्या अधिकाऱ्याने, फॉन शापर त्याचं नाव, पेपरला जाब विचारला, पुरावे द्या. बातमीदार लपून बसला, मग मार्क्सने स्वतः पुरावे गोळा करून जानेवारी १८४३ ला उत्तर छापलं.

मला त्यातली एकच जागा सांगायचीये. सरकार म्हणतं शेतकरी रडगाणं गातोय, शेतकरी म्हणतो साहेब वाईट आहे. मार्क्स म्हणतो, थांबा. साहेबही चांगला असेल आणि शेतकरीही खरं बोलत असेल, तरीही हेच होईल, कारण काही संबंध असे असतात की ते दोघांच्याही वागण्याला वळण लावतात आणि श्वास घेण्यासारखे त्यांच्या इच्छेबाहेरचे असतात. माणसं शोधत बसू नका, संबंध बघा.

हे मी ओलेविगच्या वरच्या बांधावर उभा राहून परत वाचलं. आमच्याकडे ज्या वर्षी एक व्यापारी आमचा माल उचलून पसार झाला, त्या वर्षी आप्पा सहा महिने त्याच्या गावाच्या चकरा मारत होते, तो नालायक, त्याचा बाप नालायक. पुढच्या वर्षी दुसरा व्यापारी, चांगल्या घरचा, गळ्यात माळ घालणारा, त्याने पण निम्मे पैसे अडकवले, कारण त्याचेही पुढे कुठेतरी अडकलेले. बहुतेक तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा माणूस सोडून बाकीच्या गोष्टींबद्दल बोलणं झालं.

पेपर काही टिकला नाही. मोझेलवर पाच भाग लिहिणार होता, दोनच छापून आले. ३१ मार्चला शेवटचा अंक. मार्क्स त्याआधीच राजीनामा देऊन मोकळा झाला, जूनमध्ये लग्न केलं, हेगेलच्या राज्यविचाराची चिरफाड करत बसला आणि वर्ष संपायच्या आत पॅरिस. तिथे फ्रेंच समाजवादी भेटले, कामगारांच्या बैठका बघितल्या, एंगल्सचा इंग्रजी अर्थशास्त्रावरचा लेख हातात आला आणि मग स्मिथ, रिकार्डो, वह्यांवर वह्या. तीन उगम म्हणतात ते आहेतच, फक्त तहान लागली ती इथल्या काटक्यांनी आणि द्राक्षांनी, असं माझं मत झालंय. अभ्यासक लोक हसतील, हसू देत.

पण आप्पांचा मुद्दाही राहतोच. याच माणसाने १८५२ ला फ्रान्सच्या शेतकऱ्यांबद्दल लिहिलं की हे म्हणजे पोत्यातले बटाटे, एकत्र आहेत पण एकजूट नाही. आणि १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात छोटा शेतकरी हा बुडून मजूर होणाराच आहे. ज्याच्यापासून सुरुवात केली त्यालाच पुढे वाटेत सोडला की काय. तरी मोझेलचा शेतकरी अजून इथे आहे, बुडाला नाही, निदान सगळा नाही. आता यात मार्क्स चुकला का शेतकऱ्यांनी शेती बदलली, यावर दाजींचं आणि माझं उतरताना जोरात वाजलं, त्यांचं म्हणणं अनुदान काढून घ्या मग बघू.

खाली एका शेतकऱ्याचं घरचंच वाईनचं अंगण होतं, स्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात, वर्षातले चारच महिने चालवता येतं आणि चाळीस खुर्च्यांच्या वर ठेवता येत नाहीत. मालक सत्तरीचा, हाताच्या भेगा आप्पांसारख्याच. दाजींनी जर्मनमध्ये सांगितलं की याच्या घरी पण बाग आहे, भारतात, तर तो माणूस ग्लास ठेवून समोर येऊन बसला. मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, आप्पा बनियनवर.

“आप्पा, हे बघा, मार्क्सच्या गावातली बाग.”

“मार्क्स जाऊ दे. ते पान उलटं कर जरा.”

अंगणाच्या कडेच्या वेलाचं पान मी उलटं केलं. कॅमेरा जवळ नेला.

“डावणी आहे,” आप्पा म्हणाले. “सांग त्यांना.”

दाजींना डावणीचं जर्मन येईना. मी पानामागची पांढरी बुरशी बोटाने दाखवली तर म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, म्हणाला, “पेरोनोस्पोरा,” आणि मग यंदाच्या पावसाबद्दल जे काही पाच मिनिटं बोलला ते दाजींनी भाषांतर करायच्या आधीच आप्पा मान हलवत होते.

“आणि त्यांना विचार,” आप्पा म्हणाले, “व्यापारी पैसे वेळेवर देतो का.”

दाजींनी विचारलं. म्हातारा हसला, अंगणाकडे हात केला, खुर्च्या दाखवल्या, आणि म्हणाला की म्हणूनच तर हे मांडलंय.